लॅबमधल्या ताई-दादांची कदर करायची असेल तर आधी सॅम्पल नीट द्या

लावणीच्या दिवसात आमच्या रत्नागिरी बाजूला कुणाला ताप आला की घरात दोनच शब्द, लेप्टो (उंदरांच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यातून होणारा ताप) की मलेरिया, आणि मग रक्त तपासायला धावाधाव. डॉक्टर दिसतात, नर्सताई दिसतात, पण खिडकीमागे मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या माणसाचं नाव पण आपण विचारत नाही.

मागच्या पावसात बाबांना ताप आला. मशीनने प्लेटलेट दाखवल्या 22 हजार, आई रडायला लागली, कोल्हापूरला न्यायला गाडीसुद्धा ठरवली, आणि तेवढ्यात लॅबमधल्या ताईंचा फोन आला की जरा थांबा, स्लाईडवर प्लेटलेटचे गुच्छ दिसतायत, दुसऱ्या ट्यूबमध्ये परत रक्त घेऊया. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए नावाचं रक्त गोठू न देणारं औषध असतं, त्याने काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या गुच्छाला प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये त्याच कामाचं दुसरं औषध, सायट्रेट, असतं, त्यात मोजल्या तर दीड लाखाच्या आसपास निघाल्या. मशीनचा आकडा तसाच छापून दिला असता तर आम्ही त्या पावसात आंबा घाट चढत असतो. तेव्हापासून मी जे पाळतो ते सांगतो.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सॅम्पल. उपाशीपोटी सांगितलंय तर 8 ते 12 तास खरंच उपाशी राहा, पाणी चालतं, पण चहा घेतला असेल तर लपवू नका, सरळ सांगा. कुठली गोळी चालू आहे, विशेषतः रक्त पातळ होण्याची, ते पण सांगा. सुई मारताना हात हलवू नका आणि "लवकर आटपा हो, एसटी चुकेल" असं मागे लागू नका, कारण घाईत रक्त जोरात ओढलं गेलं तर पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच जास्त येतं. निळ्या टोपणाची ट्यूब खुणेपर्यंतच भरावी लागते, त्यात रक्त आणि औषधाचं प्रमाण 9 ला 1 असतं, म्हणून कमी रक्त आलं आणि परत टोचायला लागलं तर चिडू नका. ट्यूबवर आपलं नाव आणि वय बरोबर लिहिलंय का ते तिथेच उभं राहून वाचा, गावात एकाच आडनावाची आणि एकाच नावाची चार माणसं असतात, त्यामुळे हे फार महत्त्वाचं आहे आणि त्यांना त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

लघवी द्यायची तर सुरुवातीची सोडून मधली धरा आणि लगेच पोचवा, डबी पिशवीत घालून बाजार फिरू नका. टीबीसाठी बेडका मागितला असेल तर थुंकी नको, छातीतून खोल खोकून आलेला बेडका हवा, आणि तो मोकळ्या हवेत जाऊन काढा, रांगेत उभं राहून नाही. लाळेने भरलेली डबी म्हणजे त्यांची अख्खी मेहनत फुकट आणि तुमचा परत हेलपाटा.

दुसरं, वेळ द्या. मलेरियाची स्लाईड म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, सुकवायचा, जेएसबी नाहीतर गिम्सा नावाच्या रंगाने रंगवायचा आणि मग तेल टाकून एकेक फील्ड (मायक्रोस्कोपमध्ये एका वेळी दिसणारा भाग) बघत निदान शंभर फील्ड फिरायची, तेव्हा कुठे निगेटिव्ह म्हणता येतं. आशाताई घरोघरी जाऊन ज्या स्लाईड घेतात त्या पण कुणीतरी अशाच एकेक करून बघतं हो! कल्चरला, म्हणजे सॅम्पलमधले जंतू वाढवून बघायला, तर दोन-तीन दिवस लागतातच, जंतू वाढायला वेळ लागतो, त्याला लॅबवाले काय करणार. लेप्टोची अँटिबॉडीची टेस्ट पहिल्या दोन-चार दिवसात निगेटिव्ह येऊ शकते कारण अँटिबॉडी साधारण पाचव्या-सातव्या दिवसापासून दिसायला लागतात, म्हणून परत बोलावलं तर "पैसे काढायला बोलवतात" असं म्हणू नका. भर पावसात लाईट गेली की फ्रीजमधले किट सांभाळण्यासाठी यांचीच धावपळ चालू असते, अशा वेळी खिडकीवर ओरडणारी माणसं मी पाहिलीयत आणि मला फार वाईट वाटतं.

ब्लड बँकेतल्यांना पण विसरू नका. बॉम्बे ब्लड ग्रुप हा फार दुर्मिळ रक्तगट माहितीय ना, 1952 मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला तो. साध्या तपासणीत हा ग्रुप ओ सारखाच दिसतो, पण रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, म्हणजे आपल्या रक्तातलं पाणी माहितीच्या ग्रुपच्या पेशींशी मिसळून बघतात तेव्हा, ओ च्या पेशींशी पण गुठळ्या होतात आणि तिथे तो पकडला जातो. ती एक पायरी टाळली आणि पुढे क्रॉसमॅच (देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त जुळतंय का ते बघणं) पण नीट झालं नाही तर साधं ओ रक्त चढून माणूस जाऊ शकतो. म्हणून ग्रुप माहिती असला तरी ते परत तपासतात, तेव्हा वाद घालू नका.

रिपोर्ट हातात आला की "मला काय झालंय" हे त्यांना विचारू नका, ते सांगायचं काम डॉक्टरांचं, त्यांना उगाच अडचणीत टाकल्यासारखं होतं. त्यापेक्षा नाव विचारा आणि नावाने थँक्यू म्हणा. डॉक्टरांना पण सांगा की अमुक ताईंमुळे चूक टळली, सरकारी दवाखाना असेल तर दोन ओळी लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्या, तारीख आणि काय घडलं ते नेमकं लिहा. मी तसं लिहून दिलं तेव्हा त्या ताई म्हणाल्या, नऊ वर्षात पहिल्यांदाच कुणी लिहून दिलंय. 15 एप्रिलला या लोकांचा जागतिक दिवस असतो, आपल्याकडे तेव्हा आंबा सुरू असतो, चार हापूस न्यायला काहीच हरकत नाही. फक्त ते बाहेर काउंटरवर द्या, लॅबच्या आत खाणंपिणं चालत नाही आणि सॅम्पलच्या फ्रीजमध्ये तर अजिबातच नाही.