जुन्या विमानांचे फोटो काढताय? या चुका टाळा, माझ्या सगळ्या करून झाल्यात

गोव्यात बोगमाळोला नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा तीनशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर टाकले, आणि आठवड्याभराने बायको विचारते हे कुठलं विमान, तर मला सांगता येईना! एकाही फोटोत धड नंबर नाही. बोर्डाचा एक फोटो होता, त्यावर माझीच सावली पडलेली.

तर पहिली चूक हीच. आपण नाकाचा फोटो काढतो, पंख्याचा काढतो, सोबत सेल्फी काढतो, आणि शेपटीजवळ रंगवलेला नंबर सोडून देतो. जुन्या विमानाची गोष्ट शोधायची तर सुरुवात त्या नंबरापासूनच होते. म्युझियममधलं ते अवाढव्य चार इंजिनांचं, तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टलेशन घ्या. आज अंगावर नौदलाची ओळख आहे, पण ही विमानं आधी एअर इंडियाची, प्रवासी नेणारी. मग हवाई दलाकडे गेली, आणि १९७६ला नौदलाकडे, समुद्रावर टेहळणी करायला. म्हणजे एकाच विमानाची तीन आयुष्यं, आणि तुमच्याकडे काय, तर "मोठं विमान, गोवा ट्रिप". म्हणून आता माझा क्रम ठरलाय, आधी नंबर, मग बोर्ड, मग दारापाशी किंवा चाकाच्या खोबणीत एखादी पत्र्याची प्लेट दिसली तर ती, आणि त्यानंतर काय कलाकारी करायची ती.

पण थांबा, रंगवलेल्या नंबरावर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. दुसरी चूक ही, आणि जाणकार लोक पण करतात. हवाई दलाकडे उडणारं एक डकोटा (सैनिक आणि माल नेणारं जुनं दोन इंजिनांचं विमान) आहे, नाव परशुराम, नंबर व्हीपी ९०५. फोटोखाली लोक बिनधास्त लिहितात की २७ ऑक्टोबर १९४७ला श्रीनगरला पहिली शीख बटालियन उतरवणारं हेच ते विमान. हे ते नाही. त्या दिवशीच्या विमानाचा नंबर मानाने याच्यावर रंगवलाय. हे मूळचं वेगळं डकोटा, ब्रिटनमध्ये जी-एएमएसव्ही या नंबराने उडायचं, राजीव चंद्रशेखर यांनी ते दुरुस्त करून घेऊन हवाई दलाला भेट दिलं आणि २०१८ला ते भारतात आलं. त्यांचे वडील हवाई दलात डकोटाच उडवायचे. आता मला सांगा, ही खरी गोष्ट काय कमी भारी आहे का?

जेआरडी टाटांच्या बाबतीत पण हाच घोळ. १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून टपाल घेऊन ते जुहूला उतरले ते पुस मॉथ नावाच्या छोट्या विमानातून. पन्नास वर्षांनी, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास परत केला तेव्हाचं विमान होतं लेपर्ड मॉथ. दिसायला भाऊभाऊ, त्यामुळे १९८२चा फोटो १९३२चा म्हणून सर्रास फिरतो.

आता कॅमेऱ्याच्या चुका, त्या पटापट सांगतो कारण यातल्या बऱ्याच कुठेही वाचायला मिळतील.

भर दुपारी जाऊ नका. बोगमाळोची मोठी विमानं उघड्यावर आहेत, बाराच्या उन्हात पाठ पांढरीफटक आणि पोट काळंकुट्ट येतं. उघडल्या उघडल्या जा नाहीतर बंद व्हायच्या आधीच्या तासाभरात. पावसाळी पांढऱ्या आभाळावर कॅमेरा फसतो आणि राखाडी विमान अजून काळं करतो, तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, अर्धा ते एक स्टॉप वर ढकला, आभाळ पांढरं होऊन गेलं तरी जाऊ दे. आणि फोनची ती पॉइंट फाइव्हवाली वाइड लेन्स जवळून वापरू नका, नाकाचा भोपळा होतो आणि कॉनीची, म्हणजे त्या सुपर कॉन्स्टलेशनची, माशासारखी बाकदार पाठ, जी तिची खरी शान आहे, तीच दिसत नाही. मागे सरका. मागे भिंत आली तर अख्खं विमान घेण्याचा हट्ट सोडा.

उडणारं पंख्याचं विमान १/१००० सेकंदाच्या शटर स्पीडने काढलं तर पंखा गोठतो आणि विमान दोऱ्याला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. माझे एका एअर शोचे सगळे फोटो असेच गेलेत. १/१६०च्या आसपास या, कमरेतून वळत विमानाबरोबर फिरा आणि बटण दाबल्यावरही फिरणं थांबवू नका. दहातले आठ हलतील, हलू देत. जेटला पंखाच नाही दिसायला, तिथे खुशाल १/१०००. फोनमध्ये पंख्याची पाती केळ्यासारखी वाकडी येतात ती फोन बिघडला म्हणून नाही, सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात पातं पुढे गेलेलं असतं.

एक गंमत सांगायची राहिली. कॉकपिटच्या काचेवरची चमक घालवायला मी लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावला आणि काचेवर इंद्रधनुष्यी डाग उठले, मला वाटलं गेली लेन्स! ती बहुतेक वेळा काच नसतेच, ॲक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिक) असतं, आणि वाकवताना त्यात राहिलेला ताण पोलरायझरमधून रंगीत दिसतो. फिल्टर काढा, काचेत आपलंच प्रतिबिंब दिसू नये म्हणून गडद शर्ट घालून जा, विषय संपला.

आता सगळ्यात महागात पडलेली चूक. म्युझियममधल्या अलिझे विमानापाशी एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ उभे होते. मी विचारलं, "काका, नेव्हीत होता का?" म्हणाले, "हो रे, ग्राउंड क्रू." आणि मी काय विचारावं, तर "स्पीड किती होता हो याचा?"

"स्पीड गुगलवर बघ. इकडे ये, खाली वाक."

खाली वाकलो. अलिझे हे पाणबुड्या शोधणारं विमान, पोटाखाली रडारचा घुमट असतो जो उडताना बाहेर काढायचा आणि उतरताना आत घ्यायचा. पंखातल्या फुगीर डब्यांत चाकं तर जातातच, पण पाण्यात टाकायचे सोनोबॉय, म्हणजे पाणबुडीचा आवाज टिपणारी तरंगती यंत्रं, ती पण तिथेच. विक्रांत या विमानवाहू नौकेवर जागा कमी म्हणून पंख दुमडायचे. काका अर्धा तास बोलले, रात्रीच्या डेकवरचं, तेलाच्या वासाचं, कुणाचं बोट कसं चेमटलं त्याचं. मी काहीच रेकॉर्ड केलं नाही. नाव विचारलं नाही, कुठल्या वर्षांत होते ते विचारलं नाही, आणि काकांचा फोटो? तोही नाही. विमान पुढच्या वर्षी पण तिथेच होतं, काका नव्हते.

तेव्हा असं कोणी भेटलं तर आधी परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग लावा, आणि विचारा की तुमचं नेमकं काम काय होतं. फोटो काढताना त्यांचा हात विमानाच्या ज्या भागाकडे जातोय तिकडे बघा. नंतर तारखा मात्र पडताळून घ्या, आठवण सरकते. विक्रांतच्या सी हॉक लढाऊ विमानांनी ४ डिसेंबर १९७१ला आताच्या बांगलादेशातल्या कॉक्स बझारवर हल्ला केला हे खरं, पण समोर उभं असलेलं सी हॉक त्यात होतं का, हे त्याच्या नंबरावरून शोधल्याशिवाय लिहू नका. "या प्रकारची विमानं १९७१च्या युद्धात होती" एवढं लिहिलं तरी चालतं.

आणि हो, शेजारी आयएनएस हंसा आहे, नौदलाचा चालू तळ. लांब लेन्स लावलेली असली की हात आपोआप धावपट्टीकडे वळतो, तो आवरा. ड्रोन तर गाडीतूनही काढू नका.