लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला, आता तुमची स्वतःची रिस्क कशी बघायची

रिपोर्ट हातात आला की बहुतेक जण पहिलं टोटल कोलेस्टेरॉल बघतात, २०० च्या वर गेलं की घाबरतात आणि आत असलं की निवांत होतात. प्लीज असं करू नका. टोटलमध्ये चांगलं एचडीएलपण धरलेलं असतं, त्यामुळे त्यातून एचडीएल वजा करा, उरतं ते नॉन-एचडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचू शकणारं सगळं. समजा एकाचं टोटल २१०, एचडीएल ७०, तर नॉन-एचडीएल १४०. दुसऱ्याचं टोटल १९०, एचडीएल ३०, तर १६०. बाकी सगळं सारखं असेल तर जास्त काळजी या १९० वाल्याचीच आहे!

पण हे झालं फक्त कोलेस्टेरॉलचं, हार्टची रिस्क वेगळी काढावी लागते. एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) १३० असलेला पस्तिशीचा, सिगारेट न ओढणारा माणूस आणि तेवढंच एलडीएल असलेला ५८ वर्षांचा, बीपी, शुगर आणि सिगारेटवाला माणूस, यांची रिस्क एक कशी असेल? म्हणून डॉक्टर रिस्क कॅल्क्युलेटर वापरतात, त्यात वय, बीपी, डायबेटिस, स्मोकिंग वगैरे टाकलं की पुढच्या १० वर्षांची शक्यता येते. १० टक्के आले तर अशा १०० लोकांपैकी साधारण १० जणांना त्या काळात अटॅक किंवा स्ट्रोक येऊ शकतो. तरुणपणी हा आकडा वयामुळेच कमी येतो, तेवढ्यावर निर्धास्त राहू नका.

घरातला इतिहास डॉक्टरांना आवर्जून सांगा, वडील किंवा भावाला ५५ च्या आधी, आई किंवा बहिणीला ६५ च्या आधी हार्टचा त्रास झाला असेल तर ते फार महत्त्वाचं आहे. लिपोप्रोटीन ए (रक्तातला एलडीएलसारखाच, कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण) ही टेस्टपण आयुष्यात एकदा करून घ्या, ते मुख्यतः आनुवंशिक असतं, डाएटने फारसं हलत नाही आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसतही नाही.

एलडीएल १९० किंवा वर असेल, नाहीतर आधीच अटॅक येऊन गेला असेल किंवा स्टेंट असेल तर कॅल्क्युलेटरच्या नादी लागूच नका, रिस्क जास्तच आहे, सरळ डॉक्टर गाठा. १९० च्या केसमध्ये भावंडांची आणि मुलांची टेस्टपण विचारा.

मधल्या रिस्कमध्ये कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी घ्यावी की नाही कळत नसेल तर सीटी कॅल्शियम स्कोअरबद्दल (हार्टच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम स्कॅनने मोजणारी टेस्ट) विचारता येतं. गोळी सुरू झाली तर ४ ते १२ आठवड्यांनी परत टेस्ट, आणि आकडा खाली आला म्हणून मनाने बंद करू नका, तो गोळीमुळेच खाली आलेला असतो.