नव्या मराठी चित्रपटांची खबर ईमेलवर मिळवताना

गूगल अलर्ट्समध्ये, म्हणजे आपण दिलेल्या शब्दांवरच्या नव्या बातम्या ईमेलने पाठवणाऱ्या गूगलच्या सेवेत, नुसते मराठी चित्रपट असे लिहिल्यास नटनट्यांच्या लग्नाच्या बातम्यांनीच इनबॉक्स भरतो. म्हणून "मराठी चित्रपट" हे शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत घालून पुढे प्रदर्शित असे जोडावे आणि नको असलेल्या शब्दाआधी, उदाहरणार्थ -लग्न, जागा न सोडता वजाचे चिन्ह द्यावे. त्यानंतर पर्यायांमध्ये वारंवारता दिवसातून एकदा अशी निवडावी, कारण घडेल तशी सूचना मागवणे म्हणजे दारावरची घंटा दिवसभर वाजती ठेवणे. आठवड्यातून एकदाची सोयही आहे, परंतु आपल्याकडे बहुतेक चित्रपट शुक्रवारी लागत असल्याने ते पत्र शनिवारी आले, तर पहिला खेळ हुकलेलाच असतो. जीमेलमध्ये फिल्टर करून या पत्रांना वेगळे लेबल लावावे.