लिंबूवर्गीय बागेत अ‍ॅफायटिस सोडण्याआधीची तयारी

अ‍ॅफायटिस म्हणजे खवले किडीवर अंडे घालून तिला मारणारी बारीक परजीवी गांधीलमाशी. आधी कीड नक्की कोणती ते ठरवा, कारण चुकीच्या किडीवर सोडलेली ही माशी वाया जाते. दहापट भिंग आणि एक टाचणी पुरते. खवला टाचणीने उचलला आणि तो टोपीसारखा सुटून खाली पिवळसर शरीर उघडे पडले, तर ती कवचवाली खवले कीड. तांबड्या खवल्यावर, म्हणजे अ‍ॅओनिडिएला ऑरँटीवर, अ‍ॅफायटिस मेलिनस ही जेमतेम एक मिलिमीटरची पिवळी माशी चालते. खवला वेगळा निघतच नसेल आणि पानांवर चिकटा (किडीने सोडलेला गोड चिकट द्रव) व काळी बुरशी असेल, तर ती मऊ खवले कीड. तिच्यासाठी मेटाफायकस गटातल्या माश्या असतात. मात्र तांबडी मादी कात टाकताना आणि मीलनानंतर कवचाला चिकटूनच असते. म्हणून एकच खवला उचलून निकाल देऊ नका, वीस-पंचवीस तपासा.

तपासताना किडीची अवस्थाही टिपून ठेवा. अ‍ॅफायटिस कवचाखाली, किडीच्या अंगावर अंडे घालते, त्यामुळे तिला कवचापासून सुटी असलेली कीड लागते. सर्वांत उत्तम म्हणजे तिसऱ्या अवस्थेतली, मीलन न झालेली मादी. तिच्या कवचाभोवती रुंद राखाडी कड दिसते. लहान खवल्यांवर माशी बहुतेक नराची अंडी घालते आणि पुढच्या पिढीत माद्या कमी पडतात. फांदीच्या सालीवरचे खवले फळा-पानांवरच्यापेक्षा लहान राहतात, म्हणून सालीवर माशीने अंडी घातलेल्या खवल्यांचे प्रमाण नेहमी कमी भरते. हा माशीचा दोष समजू नका.

मग फवारणीची वही उघडा. ऑरगॅनोफॉस्फेट, कार्बामेट किंवा पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक मारलेले असेल तर त्याचा अंश पानांवर कित्येक आठवडे माशीला मारत राहतो. गंधकाची धुरळणीही तिला सोसत नाही. कीड फार वाढलेली असेल तर आधी बागायती खनिज तेल फवारून ती खाली आणा. तेलाचा मारा फक्त ओले असेपर्यंत असतो, वाळल्यावर माशी सोडता येते. झाड पाण्याच्या ताणात असेल किंवा ऊन कडक असेल तर तेलाने पाने भाजतात, म्हणून आदल्या दिवसांत पाणी द्या.

सगळ्यात जास्त वेळ मुंग्यांना द्या. कवचवाली कीड चिकटा सोडत नाही, मग मुंग्यांचा काय संबंध, असे वाटते. पण मावा, पिठ्या ढेकूण किंवा मऊ खवल्यांच्या चिकट्यासाठी झाडावर चढलेल्या मुंग्या अंडे घालायला बसलेल्या माशीला हुसकून लावतात. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या सुमारे 75 सेंटिमीटर उंचीपर्यंत छाटा, खोडाला टेकलेले उंच तण काढा. एक काडी टेकली तरी मुंग्यांना पूल मिळतो. मुंग्या अडवणारा चिकट पट्टा थेट सालीवर लावू नका, कोवळी साल भाजते. आधी खोडाला घट्ट पट्टी गुंडाळा आणि चिकट द्रव्य तिच्यावर लावा. धूळ बसली की पट्टा निकामी होतो, म्हणून तो वरचेवर खरवडून घ्या. मुंग्यांच्या विषारी आमिषासाठी एक लिटर पाण्यात 250 ग्रॅम साखर आणि 5 ते 10 ग्रॅम बोरिक आम्ल पुरेसे. याहून कडक केले तर कामकरी मुंगी वारुळात पोचण्याआधीच मरते, राणी मात्र शाबूत राहते. आमिष मधमाश्या शिरणार नाहीत अशा झाकणाच्या भांड्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा आणि माश्या येण्याआधी काही आठवडे सुरू करा.

धुळीकडे दुर्लक्ष होते. धुळीने माखलेल्या पानावर माशीला खवला शोधता येत नाही, अंग साफ करण्यातच तिचा वेळ जातो. रस्त्याकडेच्या ओळी पाण्याने धुवा, रस्ता शिंपडा, वाहने हळू चालवा.

आता मागणी नोंदवा. कॅलिफोर्नियातल्या बागांत एकरी सुमारे 5,000 माश्या दर दोन आठवड्यांनी सोडण्याची पद्धत रूढ आहे. एकदाच भरमसाट सोडण्यापेक्षा हे बरे, कारण योग्य अवस्थेतली कीड हंगामभर थोडी थोडी तयार होते. घरामागे चारच झाडे असतील तर बहुधा विकत घेऊच नका. मुंग्या थांबवल्या की आसपासच्या माश्या स्वतःहून येतात.

माश्यांचा पेला आल्यावर तो उन्हात किंवा गाडीत ठेवू नका. त्याच दिवशी सोडणे जमले नाही तर आत मधाची बारीक रेघ आहे ना ते पाहा आणि एक रात्र 15 अंशांच्या आसपास ठेवा. मधाचा मोठा थेंब नको, माश्या त्यातच अडकून मरतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, वारा पडलेला असताना, ओळींतून चालत पेल्यावर टिचक्या मारत माश्या सर्वत्र वाटा. जिथे कीड दाट तिथे जास्त.

नोंदीसाठी काही फांद्यांना खूणचिठ्ठी बांधा. मेलेला खवलाही महिनोन् महिने चिकटून राहतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. दोन-तीन आठवड्यांनी कवचे उलटून पाहा: पिवळा कोष आणि त्याच्याभोवती काळसर विष्ठेचे दाणे, किंवा कवचाला गोल भोक दिसले तर काम सुरू आहे. कीड नुसतीच वाळून सपाट झाली असेल तर तीही माशीने शोषून मारलेली असू शकते, तिची वेगळी मोजणी ठेवा.