लोड टेस्टमध्ये क्लस्टर नव्हे, चाचणीचे मशीनच अडले

सांगलीतील हळदीच्या सौद्यांसाठी आम्ही तयार केलेल्या प्रणालीचा तीन सर्व्हरचा क्लस्टर हंगामापूर्वी तपासायचा होता, म्हणून मी क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये एकच लिनक्स मशीन घेऊन लोड टेस्ट (कृत्रिम गर्दी करून घेतलेली चाचणी) सुरू केली. सेकंदाला ४७० च्या आसपास नव्या जोडण्या होईपर्यंत सर्व सुरळीत होते; त्यापुढे ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ (मागितलेला पत्ता देता येत नाही) ही त्रुटी सतत येई, आणि क्लस्टरचे सीपीयू मात्र निवांत असत. दोन संध्याकाळी मी सर्व्हरमध्ये काम वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरला उगाच दोष दिला.

शेवटी चाचणीच्या मशीनवर जोडण्यांची यादी दाखवणारी ‘एसएस’ कमांड चालवली, तेव्हा हजारो जोडण्या टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यानंतरच्या प्रतीक्षेत) पडून असल्याचे दिसले. बाहेर जाणाऱ्या जोडणीसाठी लिनक्स मुळात ३२७६८ ते ६०९९९ हेच पोर्ट (जोडणीला दिले जाणारे क्रमांक), म्हणजे एकूण २८,२३२, वापरतो आणि आपण बंद केलेली जोडणी आपला पोर्ट ६० सेकंद अडवून ठेवते. २८,२३२ ला ६० ने भागले की आकडा ४७० च येतो.

मी तीच जोडणी पुन्हा पुन्हा वापरणारे कीप-अलाइव्ह सुरू केले (खरे ब्राउझरही तसेच वागतात, हे आधीच सुचायला हवे होते) आणि एका मोठ्या मशीनऐवजी चार लहान मशीन घेतली, म्हणजे प्रत्येकाचे पोर्ट वेगळे. त्यानंतर त्रुटी थांबल्या आणि क्लस्टरची खरी मर्यादा, डेटाबेसचा अपुरा कनेक्शन पूल (तयार ठेवलेल्या जोडण्यांचा साठा), प्रथमच समोर आली.