शिंगटीचा काटा बोटात घुसला तर

पावसाळ्यात पंचगंगा नदीतली शिंगटी, शिंगाळा हे मासे घरी आले की विळी पाटावर नीट बसली आहे ना, एवढंच आपण बघतो. पण बोट विळीनंच नाही, माशानंही फुटतं. या माशांना 3 ताठ, करवतीसारखे काटे असतात: एक पाठीवर, दोन कल्ल्यांच्या मागच्या परांत. मासा मेला तरी काटे ताठच राहू शकतात, आणि काहींच्या काट्याला विषही असतं. त्यामुळं विळीवर धरण्याआधी पक्कडीनं काटे मोडून घ्या. साफ करणाऱ्याकडूनच मोडून आणलेत तर उत्तमच.

काटा लागलाच तर बर्फ लावू नका. हात साबणपाण्यानं धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांपर्यंत, 30 ते 90 मिनिटं बुडवून ठेवा. हे विष प्रथिनाचं असल्यानं उष्णतेनं निकामी होतं, ठणका उतरतो. पाणी मात्र दुसऱ्या हातानं तपासा. ठणकणाऱ्या बोटाला चटका कळत नाही आणि वर भाजून घ्याल. हळद भरणं, चोखणं, ब्लेडनं चिरणं नको.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन 5 वर्षं उलटली असतील तर डॉक्टरांना विचारा. तुकडा आत राहिल्याची शंका आली, सूज मनगटाकडं चढली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रंकाळा तलावावर गळ टाकणाऱ्यांनी पक्कड पिशवीतच ठेवावी.