रोमच्या गादीची खतावणी कशी मांडावी

मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात मी 31 वर्षं दिवाणजी होतो. रिटायर झाल्यावर दुपार सरेना, म्हणून रोमच्या बादशहांचं वाचायला घेतलं आणि महिन्याभरात डोकं उठलं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वंशवृक्ष काढायला बसलो. ऑगस्टसपासून नीरोपर्यंत कसाबसा आलो. पुढं एकही फांदी बुंध्याला लागेना. मंडळींनी बघितलं आणि म्हणाल्या, "आवं, हे झाड हाय का काटेरी कुपाटी?"

तेव्हा चूक ध्यानात आली. दुकानात मी गिऱ्हाइकाच्या आजा-पणज्याची चौकशी कधी केली नव्हती. उचल कुणी दिली, कुणाच्या नावे पडली आणि फिटली का, एवढंच बघायचो. रोमची गादीही तशीच लिहायची. माझी पद्धत सांगतो.

लाल कापडी बांधणीची लांब वही घ्या. पुढून कीर्द, मागून खतावणी. कीर्दीत तारीखवार घटना येतील. खतावणीत मात्र बादशहाच्या नावानं पान उघडायचं नाही. पानं छावण्यांची: ऱ्हाईन, डॅन्यूब, सीरिया-ज्युडिया, स्पेन, ब्रिटन. शेवटचं पान रोम शहरातल्या प्रिटोरियन पथकाचं, म्हणजे आपल्याकडची हुजुरात समजा. लीजन म्हणजे रोमची मोठी पलटण, एकीत साधारण 5,000 माणूस. ऑगस्टसकडे 28 लीजन होत्या. इसवी सन 9 मध्ये जर्मनीच्या जंगलात 3 कापल्या गेल्या, उरल्या 25. त्यातल्या 8 एकट्या ऱ्हाईनवर. हा आकडा ऱ्हाईनच्या पानाच्या डोक्यावर लिहा, पुढची निम्मी भांडणं त्यातून निघतात.

प्रत्येक पानावर रकाने पाच: कुणाला उभा केला, उचल किती बोलली, किती दिली, पोटचा की दत्तक, आणि शेरा. उचल म्हणजे नवा बादशहा गादीवर येताना शिपायांना वाटायचा पैसा. पहिली ठळक नोंद इसवी सन 41 ची. कॅलिग्युलाचा खून झाला, हुजुरातीला पडद्याआड लपलेला क्लॉडियस सापडला. त्यानं माणशी 15,000 सेस्टर्स (रोमचं नाणं) कबूल केले. हुजुरातीतल्या शिपायाचा वर्षाचा पगार साधारण 3,000. पाच वर्षांचा पगार एका दमात! एकदा असा भाव फुटला की खाली येत नाही, हे यार्डातल्या कुठल्याही हमालाला विचारा.

आता हात बसवायला इसवी सन 69 घ्या. एका वर्षात चार बादशहा. आदल्या जूनमध्ये नीरो मेला आणि स्पेनच्या पानावरून म्हातारा गाल्बा आला. त्याच्या नावानं हुजुरातीच्या प्रमुखानं माणशी 30,000 बोलून ठेवले होते. गाल्बा म्हणाला, मी शिपाई निवडतो, विकत घेत नाही. बोलली 30,000, दिली शून्य. ही बाकी लाल शाईनं लिहा.

1 जानेवारीला सैन्यानं बादशहाची शपथ घ्यायची असते. त्या दिवशी माइन्झच्या दोन लीजननी ती नाकारली. दुसऱ्या दिवशी कोलोनला तिथल्या सेनापती व्हिटेलियसचा बादशहा म्हणून जयजयकार झाला. ऱ्हाईनच्या पानावर नोंद पडली. गाल्बानं घाईनं 10 जानेवारीला पिसो नावाच्या तरुणाला दत्तक घेतलं. ते सांगायला हुजुरातीच्या छावणीत गेला, पण पैशाबद्दल अवाक्षर काढलं नाही. दत्तक आपल्यालाच घेतील म्हणून गाल्बाचा साथीदार ओथो आस लावून बसला होता. 15 तारखेला भर चौकात त्याला बादशहा म्हणणारे शिपाई होते फक्त 23. संध्याकाळपर्यंत गाल्बा आणि पिसो दोघांचीही मुंडकी उडाली होती. दत्तकविधीला पाच दिवससुद्धा धड झाले नव्हते.

पुढचं भरभर उतरवा. एप्रिलच्या मध्याला इटलीत बेड्रियाकमजवळ ऱ्हाईनची फौज जिंकली आणि ओथोनं जीव दिला. 1 जुलैला अलेक्झांड्रियात ज्युडियातल्या सेनापती व्हेस्पेशियनचं नाव पुकारलं गेलं. मग डॅन्यूबच्या लीजन त्याच्याकडून उतरल्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्याच बेड्रियाकमला व्हिटेलियसच्या फौजेशी रात्रभर लढल्या. शेऱ्यात एक गोष्ट जरूर लिहा: पहाटे सीरियात राहून आलेल्या एका लीजननं तिकडच्या रिवाजानं उगवत्या सूर्याला नमस्कार घातला. समोरच्यांना वाटलं, यांची कुमक आली. त्यांचं अवसानच गळालं. व्हेस्पेशियनची उचल बेताचीच होती, तरी तो दहा वर्षं टिकला.

दत्तकाच्या रकान्यात कोल्हापूरकराला सोपं जातं. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 17 मार्च 1884 ला दत्तक आले आणि शाहू महाराज झाले, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. दत्तक आला म्हणून घराणं खोटं ठरत नाही. नर्व्हा बादशहाचं तेच वाचा. म्हातारा, मूल नाही, पाठीशी फौज नाही. 97 मध्ये हुजुरातीनं त्याला वाड्यातच कोंडला. त्यानं लगेच जर्मनीतल्या सैन्याचा सेनापती ट्राजन मांडीवर घेतला. त्या एका विधीनं सरहद्दीची छावणी त्याच्या नावे जमा झाली. पुढं हेड्रियन, अँटोनायनस, मार्कस ऑरेलियस, सगळे दत्तक. गुणी माणूस निवडायची थोर पद्धत म्हणून याचं कौतुक होतं. मला ते पटत नाही. दत्तक घेणाऱ्या चौघांनाही जिवंत मुलगा नव्हता. मार्कसला होता, तर त्यानं पोटच्या कॉमोडसलाच बसवलं.

त्या कॉमोडसचा खून 192 च्या शेवटच्या दिवशी झाला आणि 193 चं पान उघडलं. ते लिहिताना मला आमचे सौदे आठवले. नवा बादशहा पर्टिनॅक्स 87 दिवसांत मारला गेला आणि हुजुरातीनं गादी लिलावात काढली. छावणीच्या आत पर्टिनॅक्सचा सासरा, भिंतीबाहेर डिडियस ज्युलियनस. बोली माणशी 20,000 वर आली. ज्युलियनसनं एकदम 5,000 वाढवले, तोंडानं ओरडून आणि वर बोटं दाखवून. अगदी गुळाच्या रव्यांच्या ढिगापुढं दाखवतात तशी. सौदा 25,000 ला तुटला. 66 दिवसांत तोही गेला, कारण डॅन्यूबच्या पानावर 9 एप्रिललाच सेप्टिमियस सेव्हेरसची नोंद पडली होती. रोमला आल्यावर त्यानं आधी ती हुजुरातच मोडली आणि आपल्या लीजनमधली माणसं भरली. मग सीरियाचा दावेदार नायजर संपवला आणि 197 मध्ये ब्रिटनचा अल्बिनस.

याच सेव्हेरसचा दत्तकाचा रकाना मी दोनदा खोडून लिहिलाय. 195 मध्ये त्यानं जाहीर केलं की मी मार्कस ऑरेलियसचा मुलगा. मार्कस मरून पंधरा वर्षं झालेली! मेलेल्या माणसाच्या मांडीवर स्वतःच जाऊन बसलेला दत्तक. त्यावर दरबारात एकानं त्याचं अभिनंदन केलं: बरं झालं, बाप सापडला.

235 पासून 284 पर्यंतच्या पन्नास वर्षांसाठी जुन्या वहीत जागा ठेवू नका, नवी घ्या. डायोक्लेशियन येईपर्यंत प्रत्येक छावणी आपापला बादशहा उभा करत होती. 238 चं पान तर पेन्सिलीनंच लिहा. त्या एका वर्षात सहा नावं येतात. मी शाईनं लिहिलं आणि पान फाडावं लागलं.